ओव्हनमध्ये वाकलेल्या विहीणबाई

चावीकाकांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक चावी घेऊन लगेच निघालं, असं सहसा होत नसे. काउंटरच्या काचेखाली अख्खी गल्ली उभी होती, बोटभर उंचीची. पोस्टमन, न्हावी, कोपऱ्यावरची शिवणकामवाली, तिचं मांजरसुद्धा. गिऱ्हाईक त्यात स्वतःला शोधत बसे आणि नाही सापडलं तर चक्क रुसत असे.

ही सगळी मंडळी मुळात सैनिक होती. जुन्या बाजारात खेळण्यातले शिपाई आणि योद्धे ढिगाने मिळत. काका त्यांच्या बंदुका छाटत, चाव्यांच्या कानशीने खांदे उतरवत आणि वरून पॉलिमर क्लेचं पोट, अंबाडा, मिशा, ज्याच्या वाट्याला जे आलं असेल ते चढवत. ही माती ओव्हनमध्ये भाजली की टणक होते, मग तिच्यावर रंग. आतल्या प्लास्टिकला मात्र ती धग सोसत नाही. म्हणून काका मातीचा भाग अलगद सोडवून वेगळा भाजत आणि नंतर चिकटवत. ‘कपडे भट्टीत, माणूस बाहेर’ हा त्यांचा कायदा. त्यासाठीचा जुना ओव्हन बाल्कनीत असे. स्वयंपाकघरातून काकूंनी त्याला कधीच हद्दपार केलं होतं.

मुलीचं लग्न ठरलं आणि दोन्ही घरची माणसं काकांकडे पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसणार, असं ठरलं. कोण कुठे बसणार हे बाहुल्यांनी सांगायचं, प्रत्येकाच्या ताटाशी त्याचीच बाहुली, हे काकांच्या डोक्यातून निघालं. एकदा त्यांच्या डोक्यात काही शिरलं की ते बाहेर काढायची चावी खुद्द त्यांच्याकडेही नसे.

"बाबा, काय करायचं ते करा," मुलगी म्हणाली, "पण सासूबाईंची चेष्टा नको हं. त्या कधी हसत नाहीत. आणि मला त्याच घरात राहायचंय."

"चेष्टा कसली? जशाच्या तशा करतो."

विहीणबाई मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. मुलीने दिलेल्या फोटोत गळ्यापासून घोट्यापर्यंत कोट, एक हात पोटाशी आडवा, पाठ काठीसारखी ताठ. काकांनी ढिगातून तलवार उगारलेला योद्धा निवडला.

"शोभतोय," काकू म्हणाल्या.

"हळू बोल, पोरगी ऐकेल!"

तलवार गेली, हात पोटाशी आला, दाढी घासली गेली. जेवणाच्या दिवशी सकाळी काकांनी कोट चढवला, आणि तो इतका झकास जमला की त्याला त्यांचीच दृष्ट लागली असावी. एकेक बटण, कॉलरची घडी, सगळं अंगासरसं. आता तो सोडवायचा कसा? फाटला असता. मंद आचेवर थोडा वेळ ठेवू, काय होतंय, असं म्हणत काकांनी आपलाच कायदा मोडला. विहीणबाई सगळ्याच्या सगळ्या ओव्हनमध्ये गेल्या.

खुर्च्या लावून ते परत आले, तर विहीणबाई कमरेतून पार वाकलेल्या. मान एका बाजूला कललेली, हात पोटावर दाबलेला. आणि कोट त्याच आकारात दगडासारखा कडक.

दुसरी बाहुली करायला वेळ नव्हता. एकट्या त्यांचंच ताट बाहुलीविना ठेवणं तर त्याहून वाईट. चेहरा अजून रंगवायचा होता. काकांनी ब्रश उचलला, फोटोतले मिटलेले ओठ पाहिले आणि थांबले. अशा वाकलेल्या बाईला गंभीर तोंड दिलं, तर पोटात कळ आल्यासारखं दिसेल. या अंगाला एकच चेहरा शोभत होता. काकांनी मोठा श्वास घेतला आणि विहीणबाईंना तोंड भरून हसू दिलं.

टेबलावर ती बाहुली पाहताच मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा!" एवढंच ती म्हणाली, कारण पाहुणे दारात आले होते.

जो तो आपली बाहुली उचलून हसू लागला. विहीणबाईंनी चष्मा लावला. बाहुली फिरवून फिरवून पाहिली.

"मला असं हसताना तुम्ही कुठे पाहिलंत?"

थाप मारायची काकांची फार इच्छा होती, पण सुचेल तर ना. "नाही हो पाहिलं. तुम्ही... तुम्ही ओव्हनमध्ये वाकलात."

विहीणबाईंच्या नाकातून विचित्र आवाज आला, खांदे हलले आणि त्या कमरेतून वाकल्या. मान एका बाजूला, हात पोटावर, कपाळ ताटाला टेकायच्या बेतात. काकू हसल्या, मुलगी हसता हसता रडायला लागली. एकटा होणारा जावई आ वासून आईकडे बघत राहिला.

"बाबा गेल्यापासून," तो हळूच म्हणाला, "आई अशी हसलीच नव्हती."

काकांना इतका आनंद झाला की आमटीच्या भांड्यात भाताचा डाव बुडाला तरी कळलं नाही.

निघताना विहीणबाईंनी बाहुली रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि दुसऱ्या कप्प्यातून एक जुना फोटो काढला. लांबोडक्या, गंभीर चेहऱ्याचा माणूस.

"माझ्याशेजारी हे हवेत. कराल?"

"करतो की! आणि यांनाही हसतं करू?"

"छे, ह्यांना भट्टीत घालू नका," विहीणबाई म्हणाल्या. "ताठच ठेवा. मला हसवून हसवून असं वाकवायचे आणि स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत."