गव्हर्नरचा दीड फेरा

गिरीजच्या आमच्या वाडीत काकाचा जुना ट्रक विहिरीपाशी उभा असायचा. रस्त्यावर तो कधीच चालेनासा झाला होता. मागचं एक चाक काढून काकाने तिथे पुली बसवली होती. लाईट गेली की ट्रक सुरू करायचा आणि पट्ट्यावर पाण्याचा पंप चालवायचा. वाडीत कुणाला त्याचं नवल नव्हतं.

इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणारा काटा त्यात नव्हता. काका आवाजावरून ओळखायचा. पण आयुष्यभर त्याच इंजिनाशेजारी बसून त्याचे कान कामातून गेले होते, म्हणून शेवटी शेवटी त्याचे कान म्हणजे मी. वसईला जनरेटर दुरुस्तीच्या कामावर असतो ना मी.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर गव्हर्नर असतो. इंजिनावरचा भार कमी झाला की तो डिझेल आखडतो, ठरलेल्या वेगापुढे जाऊ देत नाही. ती हद्द ठरवणाऱ्या स्क्रूला तार ओवून शिशाचं सील लावलेलं असतं, कुणी बोटं घालू नयेत म्हणून. जुनी इंजिनं सावकाश फिरायला बनवलेली. पळवली की काहीतरी तुटणार. हे मी गिऱ्हाइकांना रोज ओरडून ओरडून सांगतो.

त्या मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळला. ट्रकच्या पंपाचं पाणी पुरेना, तिसऱ्या दिवशी केळींनी माना टाकल्या. काका म्हणाला, "सील काढ, पण स्क्रूला अर्धाच फेरा दे. जास्त नको."

मला संध्याकाळी नालासोपाऱ्याला मित्राच्या हळदीला जायचं होतं. अर्ध्या फेऱ्याने सगळी वाडी भिजायला अंधार झाला असता. मी दीड फेरा दिला. पाणी धो धो आलं. काका लांबून ओरडला, "अर्धाच ना?" मी मान डोलावली. असा मी हरामखोर.

तासाभराने पट्टा उडाला. असा तो आधीही बऱ्याचदा उडाला होता. गव्हर्नर इंजिन आवरून धरायचा, काका दोन शिव्या घालायचा आणि पट्टा परत चढवायचा. त्या दिवशी भार गेला आणि इंजिन किंचाळत सुटलं. काकाला ते ऐकूच गेलं नाही. त्याला फक्त पट्टा पडलेला दिसला. तो नेहमीसारखा उघड्या बॉनेटच्या बाजूने इंजिन बंद करायला निघाला. मी बोंब मारली. बहिऱ्या माणसाला बोंब मारत होतो मी! इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं आणि त्याच्या मानेत शिरलं. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही तो.

लोक म्हणाले, भंगार इंजिन ते, ठेवलंच कशाला. मीही होला हो मिळवलं. इतकं सोपं गेलं ते, की मला माझीच किळस आली. त्यानंतर दर रविवारी मी वाडीत जायचो, केळींना पाणी द्यायचो, काकीच्या हातचं जेवायचो.

वर्षभराने एकदा काकी ओटीवर वाल सोलत बसली होती, तेव्हा सांगून टाकलं. अर्धा नाही, दीड फेरा दिला होता. काकाशी खोटं बोललो होतो.

काकीचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी पाणी बघायला आले होते. तुझ्या मागेच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते. वर्ष लावलंस."

मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो, तशी तिने पाय मागे घेतले.

"त्यांना तिथल्या तिथे सांगणार होते मी," ती म्हणाली. "तोंडाशी आलं होतं. म्हटलं, जाऊ दे, पोराला उगाच शिव्या बसतील." तिने सोललेले वाल पातेल्यात टाकले. "आता तू येत जाऊ नकोस."