कानबाईचा पाचवा रोट

असोद्याच्या विहिरीवर एकदा कुणा बाईनं भागाबाईला सहज विचारलं, बरं आहे ना अक्का? भागाबाईनं घागर खाली ठेवली, विचारणारीकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की ती बाई आज उगाच गोड बोलली, तिच्या पोटात काहीतरी आहे. आठ दिवस त्या बाईच्या घरचं विरजण तिनं आणलं नाही.

तर अशी ही भागाबाई. माहेर धुळ्याकडचं, म्हणून बोलण्यात 'आहे'च्या जागी हटकून 'शे' यायचा. लग्न होऊन असोद्याला आली तेव्हा सासरच्या बाया तिच्या बोलण्याची नक्कल करून हसल्या, ते हसणं तिनं गाठीला बांधून ठेवलं. ताक तर ती फुंकून प्यायचीच, पाणीसुद्धा फुंकून पिईल अशी बाई. दूध मांजरानं प्यालं तर मांजराला कुणी सोडलं ते ती शोधायची. नवरा जीवराम गरीब स्वभावाचा. तो म्हणायचा, हिच्या अंगणात सावली पडली तरी ही विचारेल, तुला पाठवलं कुणी?

एवढ्या मोठ्या जगात तिचा संशय एकाच उंबऱ्याशी थांबायचा, तो म्हणजे घरची देवी कानबाई, तिच्यापुढे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची. घरात तीन पिढ्यांचा जपलेला नारळ होता. त्याला नथ घालायची, मळवट भरायचा, चौरंगावर बसवायचं. माणसांशी बोलताना भागाबाई पापणी लवू द्यायची नाही, पण कानबाईला हात जोडले की तिचे डोळे आपोआप मिटायचे. तिथे पहारा ठेवायची गरज नाही असं तिला वाटायचं.

कानबाईचे रोट करायची या घरची रीत ठरलेली. घरात जितके पुरुष, तितक्या सव्वा मुठी गहू. थोरल्या सुनेनं एकेकाचं नाव मोठ्यानं घेऊन मूठ सुपात घालायची, ते गहू घरच्या जात्यावर दळायचे आणि नावाला एक असे जाडजूड रोट भाजायचे. रोट कुळाबाहेर कुणाच्या तोंडी पडता कामा नये. पडला तर कानबाई कोपते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मानमोडीची साथ आली त्या सालातली गोष्ट. घरात सासरे वनाआबा, जीवराम, धाकटा दीर रुपचंद आणि रुपचंदचा तीन वर्षांचा झुलाल. शिवाय भागाबाईचा भटू. बारा वर्षं नवस करून, नको नको ते अंगारे पोटात घालून झालेला, चार महिन्यांचा. त्याच्यावर ती डोळ्यात तेल घालून बसायची. काजळ, तीट, काळा दोरा, सगळं दुहेरी. आणि सगळ्यांत जास्त भीती तिला धाकट्या जावेची, मंजुळेची. मंजुळा यावलची, अबोल, हसून बघणारी. माणूस उगाच कशाला हसेल, असं भागाबाईचं म्हणणं.

त्या रविवारी संध्याकाळी मंजुळेनं रोट भाजले आणि भागाबाईनं ते कानबाईपुढे मांडताना मोजले. चार. पुन्हा मोजले. चारच. पुरुष पाच आणि रोट चार! ती तिथे काही बोलली नाही. संशयी माणूस लगेच बोलत नाही, तो आधी साठवतो. मघाशी रोट भाजून झाल्यावर मंजुळा झाकलेली वाटी घेऊन मागच्या भिंतीशी गेली होती, हे तिला आठवलं. भिंतीपलीकडे अय्युब पिंजाऱ्याचं घर, त्याची बायको हमीदा मंजुळेची मैत्रीण. वाटीत गंगाफळाची भाजी होती म्हणे. भागाबाईनं वाटी पाहिली होती, भाजी पाहिली नव्हती.

दोन महिन्यांनी मानमोडी गावात शिरली. जळगावच्या जीनमध्ये कापूस घालायला गेलेले गाडीवाले ताप घेऊन परतले, आणि मग रोज तीन-तीन, चार-चार तिरड्या निघायला लागल्या. वनाआबा गेले. चौथ्या दिवशी भटू गेला.

मूठमाती देऊन माणसं परत आली तेव्हा भागाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती सरळ मंजुळेपुढे जाऊन उभी राहिली आणि इतके दिवस साठवलेलं सगळं तिनं ओतलं. रोट तू कुळाबाहेर दिला, कानबाई कोपली, माझं पोर तू खाल्लं. सारं गाव अंगणात. मंजुळेनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि चकार शब्द काढला नाही. झालं, गावाला तेवढं पुरलं. खरं नसतं तर बोलली नसती का, असं जो तो म्हणू लागला.

एकटा जीवराम तेवढा बायकोला समजावत राहिला. अगं, गावात चाळीस माणसं गेली, त्या साऱ्यांनी रोट वाटले होते का? हमीदाची दोन पोरं गेली, त्यांचं काय? भागाबाई म्हणाली, रोट खाल्ला म्हणूनच गेली. आता याच्यापुढे बोलणार काय, कपाळ? तरी त्यानं एकदा धीर करून म्हटलं की कुणी काही केलं नसेल, साथच तशी होती. तेव्हा ती जे बोलली ते त्याला जन्मभर विसरता आलं नाही.

"कोनी काहीच करं नही, तर मंग मनं पोर कानबाई उगाच ली गयी का? तशी नही शे ती."

त्यानंतर जीवरामनं तो विषय काढला नाही. त्याच्या ध्यानात आलं की मंजुळा निर्दोष ठरली, तर हिच्या देवघरातला चौरंग रिकामा होईल.

अंगणात भिंत उभी राहिली. रुपचंद-मंजुळा पलीकडे गेले, चूल वेगळी झाली. कानबाई मात्र एकच, ती थोरलीच्या घरात. तिथे मंजुळेनं यायचं आणि ओसरीवर बसायचं, गव्हाला हात लावायचा नाही, रोटाला तर नाहीच. एक वर्ष नाही, दोन नाही, तब्बल एकोणीस वर्षं असं चाललं. भागाबाईला परत मूल झालं नाही. तिची कानबाईवरची भक्ती मात्र वाढत गेली, उपास वाढले, आणि प्रत्येक उपासाला ती मंजुळेच्या ओसरीकडे एकदा बघून घ्यायची.

मग झुलालला मुलगा झाला, मोतीलाल. झुलाल बावीस वर्षांचा झाला होता, शांत पण हट्टी. श्रावणाच्या तोंडावर तो येऊन भागाबाईला म्हणाला, मोठी आई, यंदा माझ्या पोराचा रोट माझी आई भाजेल. ती ओसरीवरच बसणार असेल तर पुढच्या सालापासून आम्ही आमची कानबाई वेगळी बसवू. भागाबाईच्या मनात पाल चुकचुकली. हे त्याचं बोलणं नव्हे, याच्या तोंडून मंजुळा बोलते आहे. पोर खाल्लं, आता देवी न्यायला निघाली. तिनं साफ सांगितलं, खुशाल वेगळी बसवा. जीवराम मधे पडला आणि हे एक साल तरी एकत्र होऊ द्या म्हणून त्यानं झुलालचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.

शनिवारी सकाळी भाऊबंदांच्या बाया गाणी म्हणायला जमल्या. झुलालची बायको पुष्पा तान्ह्याला घेऊन कोपऱ्यात, मंजुळा ओसरीवर. भागाबाईनं सूप ओढलं आणि मूठ भरली. जीवरामचं नाव घेतलं. रुपचंदचं घेतलं. झुलालचं घेतलं. मग तिनं बायांकडे पाहिलं. या सटव्यांपुढे तान्ह्याचं नाव कशाला घ्या, कुणाची नजर कशी सांगावी. या गेल्या की गुपचूप घालू मूठ. तेवढ्यात मोतीलाल रडला, आणि त्याला घ्यायला ती उठायला लागली.

अर्धी उठली आणि तिथेच थांबली.

असंच झालं होतं. अगदी असंच. याच सुपापुढे, अशाच बाया, आणि रडला होता तो भटू. ती उठली होती, त्याला पाजलं होतं, पदराखाली त्याचं डोकं ओलं झालेलं तिला आता हाताला जाणवलं. नंतर तिनं सूप तसंच मंजुळेकडे सरकवलं होतं. चार नावं, चार मुठी. पाचवा रोट कधी झालाच नव्हता, तर तो भिंतीपलीकडे जाईल कसा?

गाणी चालूच होती. भागाबाई भिंतीला धरत ओसरीवर आली आणि मंजुळेशेजारी बसली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. बायांची गाणी आपोआप बंद पडली. तिनं हळू आवाजात विचारलं, त्या साली दळायला तू होतीस ना? मूठ कमी होती, तुला कळलं नव्हतं?

मंजुळेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिनं सांगितलं की कळलं होतं. आधी वाटलं अक्का मागाहून घालतील. रोट भाजताना आठवण द्यावी असंही मनात आलं, पण भटूचं नाव काढलं तर अक्का म्हणतील हिची नजर पोरावर आहे. म्हणून गप्प बसली.

"आन् पोर गेल्यावर? तवय का नही बोलनी?"

"काय बोलू, अक्का? तुमच्याच हातून राह्यलं असं सांगितलं असतं तर तुम्ही विहीर जवळ केली असती. नाही तर कानबाईले शिव्या घातल्या असत्या. तुमच्यापाशी दुसरं व्हतं कोन? मंग म्हटलं, मीच बरी."

भागाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. जुनी खोड, सुटते थोडीच! ही खरं बोलते की मला सांभाळून घेते, हे शोधत राहिली. काही सापडलं नाही. शेवटी तिनं विचारलं, मग माझं पोर नेलं कुणी? मंजुळा म्हणाली की तिला ठाऊक नाही. तिनंही वनाआबांना आणि हमीदाच्या पोरांना जाताना पाहिलं होतं, तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

भागाबाई आत गेली. सुपापुढे बसून तिनं मूठ भरली आणि साऱ्या बायांपुढे मोतीलालचं नाव खणखणीत घेतलं. मग आणखी एक मूठ भरली. ती सुपाकडे नेताना पाव भाग गहू जमिनीवर सांडले. ते वेचून तिनं सुपात घातले आणि भटूचं नाव घेतलं. दाराशी उभ्या जीवरामनं तोंड फिरवलं.

रविवारी रोट मंजुळेनं भाजले, चार पुरुषांचे पाच. पाचवा कोणी खायचा यावरून भाऊबंदांत कुजबुज झाली. भागाबाईनं कुणाला विचारलं नाही. तिनं तो मधोमध मोडला, अर्धा मंजुळेला दिला आणि अर्धा स्वतः, दात शिल्लक होते त्या बाजूनं, हळूहळू चावत संपवला.

मग कानबाईच्या पाया पडायची वेळ आली. भागाबाई चौरंगापुढे वाकली, कपाळ टेकलं, वर बघून हात जोडले. पण त्या दिवसापासून पाया पडताना तिनं डोळे मिटले नाहीत.