पाटा धुतलेलं पाणी

"पुरावा काय, काकू?" हा त्यांचा रामराम. आज ऊन फार आहे म्हणावं, तर पुरावा. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणावं, तर पुरावा. आणि मग दुसरी वाटी मागून घ्यायचे, पुराव्यासाठीच.

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत आमच्या वरच्या खोलीत ते चार वर्षं राहिले. नागपूरकडचे. विद्यापीठात शेतीच्या खात्यात, नोकरी कच्ची. आम्ही प्रोफेसर म्हणायचो. दूधवाला विचारायचा, "चाची, पगला गयल हउवन का?" वेड लागलंय का यांना, म्हणून. एवढी विद्या झाली की माणूस गच्चीवर चौदा कुंड्या मांडून मूग लावतो, हे मला चौथी शिकलेल्या बाईला कसं कळणार?

ज्येष्ठातली काशी तुम्ही पाहिली नसेल तर पाहू नका. लूचा तापलेला वारा सुटला की गच्चीवरचा पापड वाळत नाही, भाजून निघतो. असल्या उन्हात प्रोफेसर मुगाला मुद्दाम उभं करायचे. सात कुंड्यांना शेवग्याच्या पाल्याचा रस पाण्यात घालून, सात कुंड्यांना नुसतं पाणी, तेही मापानं. म्हणे शेवगा आपल्या पानात असं काही द्रव्य तयार करतो की ऊन, तहान, खारी जमीन सगळं सोसतो. तेच दुसऱ्या पिकाला दिलं तर तेही तग धरतं. पान लवकर पिवळं पडत नाही, फूल गळत नाही.

"शेवग्याची सोशिकता मुगाला उसनी," मी म्हटलं. "मग सुनांनाही पाजा थोडा."

"पुरावा लागेल, काकू. सात सुना रसाच्या, सात पाण्याच्या."

रस शिंपडायला लग्नातली गुलाबदाणी, माझी. रस वाटायला पाटा, तोही माझाच. विद्यापीठात यंत्रं होती म्हणे, पण ती पक्क्या नोकरीवाल्यांची. पहिले दोन उन्हाळे माकडांनी खाल्ले. तिसऱ्या वर्षी त्यांनी भोवती जाळी बांधली. आत बसून प्रोफेसर पानं मोजायचे, बाहेर बसून माकडं प्रोफेसरांना बघायची.

त्या उन्हाळ्यावर सगळं टांगलेलं होतं. सोमवारी मोठे साहेब कुंड्या बघायला येणार होते. रसाचा गुण दिसला तर नोकरी राहणार, नाही तर बिऱ्हाड गुंडाळून गावी.

शनिवारी ते जिन्यात डोकं धरून बसलेले.

"संपलं, काकू. पाण्याच्या सातही कुंड्या तशाच हिरव्यागार. रसात काही नाही. तीन उन्हाळे फुकट."

मी पाटा धूत होते. हात जागीच थांबला. आमच्यात पाटा धुतलेलं पाणी मोरीत टाकत नाहीत, झाडाला घालतात. रसाच्या कुंड्यांचे लाड चाललेच होते. म्हणून महिनाभर ते हिरवं पाणी मी जाळीतून हात घालून त्या दुसऱ्या सात गरिबांना घालत होते. रोज, न चुकता.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तीन उन्हाळे माझाही पाटा झिजला होता.

"त्यांना रस मी घातलाय," मी म्हटलं.

"पुरावा काय?" सवयीनं तोंडातून निघून गेलं त्यांच्या.

मी तांब्या पुढे केला. त्यांनी वास घेतला, बोट बुडवून चाटलं, आणि एवढा थोरला माणूस जिन्यातच हसत सुटला. "म्हणजे लागू पडतो! चौदाच्या चौदा कुंड्यांना लागू पडतो!"

"हसताय काय? त्या सात टाका गंगेत, आणि साहेबांना सांगा माकडांनी नेल्या."

"नाही हो काकू. असं नाही चालत."

साहेबांना त्यांनी सगळं खरं सांगितलं, पाट्यासकट. साहेबांनी आणखी एक उन्हाळा दिला. एकच.

मग गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या हातात.

"चोराच्याच हाती किल्ली?"

"चोर कोण ते माहीत आहे, म्हणून तर."

त्या उन्हाळ्यात मी पाट्याचं पाणी मोरीत ओतलं. सात कुंड्यांना मापाचं पाणी घातलं आणि त्या माझ्या डोळ्यांदेखत वाळल्या. शेजारच्या सात हिरव्या. वाळक्या झाडांपुढे इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नोकरी पक्की झाली, ते विद्यापीठातल्या घरी गेले. दोन वर्षांनी मणिकर्णिकेच्या घाटावर खांद्यावरून नेलं त्यांना, आमच्याच गल्लीवरून. मी दारात उभी होते.

जाळी माकडांनी केव्हाच तोडली. किल्ली माझ्या कमरेला आहे. पाटा धुतला की तांब्या हातात घेऊन मी अजून जिन्याशी थांबते. घालू का, म्हणून विचारायला वर कुणी नाही.