टेबलावरचं कोडं

आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रावर लिहायला बंदी आहे. म्हणून सबनीसकाका रोजचं ते महाकठीण शब्दकोडं टेबलावर बोटानं लिहून सोडवतात. एखादं अक्षर चुकलं, तर तळहातानं टेबल नीट पुसून घेतात आणि पुन्हा लिहितात. गाडी अडली, की कोडं रचणाऱ्या त्या अनोळखी माणसाचा उद्धार सुरू होतो. "लबाड आहे लेकाचा! सरळ विचारायला याचं काय जातं?" मी उत्तर सांगायला तोंड उघडलं, तर दोन्ही कान झाकून घेतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. हवा तो शब्द कोड्यात सूचना म्हणून दिलेल्या कालच्याच वाक्याच्या पोटात राजरोस बसलेला असतो. "लबाड आहे, पण खोटं नाही बोलला," ते पुटपुटतात.

मला वाटतं, एवढा तरी न्याय कुठे मिळतो? आमच्या सोसायटीला पाणी का येत नाही, याचं उत्तर उद्याच्या अंकात कुणी छापत नाही. हा माणूस निदान छळून झाल्यावर खुलासा तरी करतो.

काल कोड्याच्या जागी फ्रिजची भलीमोठी जाहिरात होती. काकांनी सगळी पानं उलटसुलट करून पाहिली. टेबलावर टेकलेलं बोट तसंच राहिलं. मग माझ्याकडे वाकून ते हळूच म्हणाले, "त्यांना बरं नाही की काय हो?"