अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष

“अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष हे की, चॅनल बंद करा. आत्ता. माझ्यासमोर.”

सुमनआत्या धारहून बसनं आल्या होत्या. आमच्या देवासच्या ऑफिसात खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. मागे त्यांची भाची मृणाल भिंतीकडे बघत उभी. आईवडील गेल्यावर आत्यांनीच तिला वाढवलं. आता ती इथे खोली घेऊन राहते.

मी लोकांची व्हिडिओ चॅनल सांभाळते. म्हणजे त्यांनी शूट केलेलं कापायचं, जोडायचं, वेळेवर टाकायचं आणि खालच्या कॉमेंट्स बघायच्या. मृणाल आमची लाडकी क्लायंट. स्कूटीवर एकटी निघते. नालछा, मांडू, सरदारपूर. कुणाच्याही चुलीजवळ बसते, जेवते, गप्पा मारते. शाळेतली नोकरी सोडून तिनं हेच काम धरलंय. चॅनल गेलं की सगळंच गेलं.

“रविवारी पाहुणे बघायला येतायत,” आत्या म्हणाल्या. “आणि मुलगी गाडीवर हुंदडतेय, परक्या घरी जेवतेय. लोग क्या कहेंगे?”

“आत्या, तू एक तरी व्हिडिओ बघितलायस का?”

“मला दुसरे उद्योग नाहीत?”

मी मात्र त्यांच्या पहिल्या वाक्यावरच अडकले होते. मृणालच्या चॅनलवर एक बिननावाचं खातं येतं. फोटोच्या जागी जास्वंद. व्हिडिओ पडला रे पडला की पहिली कॉमेंट त्याचीच, आणि कायम झोडपणारी. ‘चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष. ओढणी कुठे आहे?’ आमच्या हिंदी मुलखातली तरुण मराठी मंडळी कॉमेंट हिंदीतच टाकतात, मराठी लिहिताना त्यांची तारांबळ उडते. जुन्या पत्राचा मायना घालून मग टोले हाणणारी ही जास्वंद एकटीच.

एकदा मी त्या जास्वंदीला ब्लॉक करायला निघाले होते. आमचे बॉस, ज्यांना अख्खं ऑफिस भिया म्हणतं, ते ओरडले, “पागल है क्या? यही तो रीच है!” रीच म्हणजे व्हिडिओ किती लोकांपर्यंत पोचतो ते. अ‍ॅपला कौतुक आणि कानउघाडणी यातला फरक कळत नाही. खाली भांडण जुंपलं की व्हिडिओ पळतो.

मला खोडी सुचली. “बंद करते, आत्याबाई. पण आजचा व्हिडिओ तयार आहे, तेवढा टाकू?”

“टाका आणि संपवा.”

मी बटण दाबलं. आत्यांच्या पिशवीत टिंग वाजलं. चॅनलची घंटी ज्यांनी चालू ठेवलेली असते, त्यांनाच अशी वर्दी जाते.

“दूधवाला असेल,” आत्या म्हणाल्या आणि पिशवी पदराखाली सारली. पलीकडच्या टेबलावर भियांनी हसू लपवायला घाईघाईनं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

“झालं. आता बंद,” मी म्हटलं. “मांडूच्या खानावळवाल्या ताराबाईंचा पुढचा भाग तेवढा राहिला. जाऊ दे.”

“जाऊ दे कसं? तिची रुसलेली सून परत आली की नाही?”

मृणाल वळली. “सून रुसली हे तुला कुणी सांगितलं?”

“धारमध्ये बोलतात लोक.”

“आत्या, ती जास्वंद तू?”

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. “मग काय करू? फोन केला तर ‘बिझी आहे’ म्हणतेस. व्हिडिओ पडला की कळतं, पोरगी सुखरूप परतली. चार शब्द बोलले तर बिघडलं कुठे?”

मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं. चॅनल बंद करण्याची गोष्ट त्या दिवशी पुन्हा निघाली नाही.

रविवारचं मृणालनं मला फोनवर सांगितलं. मुलाची आई पोहे खाता खाता म्हणाली, “लग्नानंतर हे फिरणं, व्हिडिओ वगैरे चालणार नाही हं.”

आत्यांनी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. “मग आमचं नाही जमायचं. पोहे मात्र संपवा. ताराबाईंची सून अजून यायची आहे.”

आमच्या धंद्यात एवढं शिकले की, टोमणे मारणाऱ्याला ब्लॉक करू नये. तो घरचाच निघायची शक्यता दांडगी असते.

पुढचा भाग टाकला. जास्वंद पहिल्या नंबरावर हजर. ‘चिरंजीव मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष. सून आली, बरे झाले. गाडीवर ओढणी घेत जाऊ नये. चाकात अडकते.’