स्कूटरला वळसा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आठ वर्षांपूर्वी आमच्या बंड्याच्या भुंकण्याला वैतागून मी त्याला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि गावाबाहेरच्या नाक्यापलीकडे सोडून आलो. घरी सांगितलं, "पट्टा तुटला, पळाला." चौथ्या दिवशी तो लंगडत परत आला. बायको रडतच म्हणाली, "बघा, घर विसरलं नाही माझं बाळ!"

आता तो म्हातारा झालाय. रोज संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या मारतो, मग जास्वंदीपाशी विसावतो. बाकावरच्या आजी विचारतात, "आज कोण कुणाला फिरवतंय?" ही वेळ मला फार आवडते. फक्त फाटकाशी माझी तीच स्कूटर उभी असते, आणि तिथे आला की तो लांबून वळसा घालतो. बायकोला वाटतं, त्याला पेट्रोलचा वास सोसत नाही.

काल मात्र परतताना तो दमला आणि त्या स्कूटरच्याच चाकाला टेकून बसला. डोळे मिटले. तो ते सारं विसरला, की त्यानं मला माफ केलं, कोण जाणे. मी मात्र कितीतरी वर्षांनी मोकळा झालो आणि त्याच्या शेजारी फरशीवरच बसकण मारली.

पट्टा तुटला नव्हता, मी सोडला होता. एवढं बायकोला सांगणं अजून बाकी आहे.