उमरेडकर सरांची उघडी वाईन

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या साचतात, तसे किस्सेही साचतात. आम्ही जुने डेमॉन्स्ट्रेटर भेटलो, की चहा येण्याआधी उमरेडकर सर हजर होतात!

सर आमचे नागपूरच्या कॉलेजातले हेड. बायको वारलेली, एकुलती एक लेक नलू फ्रान्सला. सुट्टीवर आली तेव्हा तिनं वाईनची बाटली आणली. निघायच्या संध्याकाळी सक्करदऱ्याच्या घरी बापलेकीनं दोन-दोन घोट घेतले. "उरलेली मी परत आले की पिऊ," नलू म्हणाली. परत येणार दोन वर्षांनी! तोवर ती बाटली टिकवायची कशी, या एकाच विचारानं सरांना झपाटलं.

*

बूच परत आत जाईना. सरांनी ते वाफवलं, उलटं करून ठोकलं, वर मेण ओतलं.

लॅब अटेंडंट गुलाबराव म्हणाले, "सर, काहून एवढी मेहनत करून राहिले? पिऊन टाका ना!"

"एकट्यानं प्यायची नाहीये ती, गुलाबराव."

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनीच घरून आणखी मेण आणलं.

*

मे महिना. सरांकडे फ्रिज नव्हता, कूलर एकच. त्याच्यासमोर ओल्या फडक्यात बाटली, आणि सर दुसऱ्या खोलीत घामाघूम!

"मी नागपूरचा आहे हो. तिला कुठं सवय?"

संध्याकाळी फडकं भिजवायला काढलं, की बाटलीतून आलेला उन्हाचा हिरवट-तांबूस उजेड भिंतीवर हलत राहायचा. सर फडकं हातात धरून बघत बसायचे. मीही बसायचो. फार बरं वाटायचं.

*

हवेनं वाईन बिघडते, म्हणून सरांनी बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरायचं ठरवलं. बाटली लॅबमध्ये आली. गॅसची नळी मी जोडली. ती बाटलीच्या तोंडाशी नेणार, एवढ्यात गुलाबराव ओरडले, "थांबा गा! सडक्या अंड्याचा वास येऊन राहिला!"

मी नळी शेजारच्या हायड्रोजन सल्फाइडला जोडली होती! सरांना पत्ताच नाही. तीस वर्षं लॅबमध्ये काढून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

*

दुसऱ्या वर्षी बुचाभोवती चिलटं घोंगावू लागली. गुलाबरावांनी मला बाजूला घेतलं.

"आंबून सिरका झाला गा तिचा. सरांले तुम्ही सांगा."

"तुम्हीच सांगा."

"मले नाही जमत."

दोघांनीही सांगितलं नाही.

*

नलू आली. सरांनी आम्हा दोघांनाही घरी बोलावलं. बूच निघालं, आणि आंबट वास माझ्यापर्यंत आला. गुलाबरावांकडे बघायची माझी हिंमत होईना.

सरांनी दोन पेले भरले. नलूनं घोट घेतला, डोळे मिटले, आणि तशीच बसली.

"कशी आहे?" सरांनी पुढे वाकून विचारलं.

"बाबा, कालच उघडल्यासारखी!"

सरांनी आपला पेला उचलला. तिनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"ही तुम्हाला नाही मिळायची!"

सर आमच्याकडे बघून इतके हसले! मग त्यांनी बूच हलक्या हातानं परत बसवलं.

"पुरे हावरटपणा, नले. उरलेली पुढच्या खेपेला!"